खंडेनवमीचा क्लच

सकवारक्का गाडी शिकवायला बसल्या की आधी शिकणारणीला चपला काढायला लावत. चपलेच्या तळाला क्लच कळत नाही, असं त्यांचं म्हणणं. त्या स्वतःही अनवाणीच चालवत. सिग्नलला शेजारचा रिक्षावाला वाकून बघायला लागला की काच खाली करून म्हणत, "काय नोडतोस? पाय आहेत. तुला पण आहेत." रिक्षावाला कानडी असो, तमिळ असो की उर्दू बोलणारा, अक्कांचं बोलणं त्याला बरोबर समजे.

बेंगळुराच्या गवीपुरमात बायकांना गाडी शिकवणाऱ्या त्या एकट्याच. पाटी नव्हती, ऑफिस नव्हतं. नवऱ्याच्या मागं उरलेली एक काळी फियाट होती आणि तिखट जीभ होती. नवरा संताजी टॅक्सी चालवायचा आणि गाडीची कामंही स्वतःच करायचा. तो गाडीखाली शिरला की अक्का बाहेर बसून पाने हातात देत, आणि हा कशाला, तो कशाला, असं विचारून त्याला भंडावून सोडत. तो गेला तेव्हा धाकटा दीर विठोजी म्हणाला, "वैनी, गाडी विकून टाकू, तुम्हाला काय उपयोग?" अक्कांनी तेराव्यानंतर गाडीवरचं कापड काढलं, आणि चामराजपेटेच्या मैदानात जाऊन, कुंपण, दोन झाडं आणि पाण्याची एक टाकी यांना धडका देत त्या शिकल्या. लायसन्स हातात आल्यावर ते विठोजीच्या गॅरेजात नेऊन त्याच्या नाकासमोर धरलं. मग इतर बायका येऊ लागल्या. नर्सा, शिक्षिका, एक शिवणकाम करणारी, नवरा परदेशात असलेली एक. अक्का सगळ्यांना सारख्याच शिव्या देत.

मी त्यांच्याकडे गेले ती हौसेनं नव्हे. मी शहराबाहेर, आनेकलच्या शाळेत शिकवत होते. सकाळी मार्केटला जाऊन बस धरायची, संध्याकाळी तशीच परत यायचं. घरी पोचेपर्यंत दिवे लागलेले असत आणि मुलगी आजोबांच्या मांडीवर पेंगत असे. सासरे, रघुपतीराव, सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. बोलणं मोजकं, पण हुकमाचं. त्यांनी एक दिवस सांगून टाकलं की नोकरी पुरे झाली. मी म्हटलं, आपली मारुती अंगणात कापड पांघरून झोपलीय, मोतीबिंदूनंतर तुम्ही चालवत नाही, यांना स्कूटरखेरीज काही येत नाही. ती मला द्या. शाळेतल्या दोघी पेट्रोलात वाटेकरी व्हायला तयार आहेत. दिवे लागायच्या आत घरी येते.

"आपल्या घरात बायका गाडी चालवत नाहीत," मामंजी म्हणाले.

माझा नवरा गिरीराज म्हणाला, "बघू." गिरीराजचं ‘बघू’ म्हणजे वडील काय म्हणतात ते बघू. पीण्या नावाच्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात तो चाळीस माणसांवर आवाज चढवायचा. घराच्या उंबऱ्यात त्याचा आवाज बसायचा.

यातून वाट काढली ती अक्कांनीच. आमची माणसं इकडं घोड्यांवरून आली त्याला शतकं लोटली. घोडे गेले, तलवारी गेल्या, मराठीत निम्मी कानडी मिसळली, पण दसरा काही सुटला नाही. विजयादशमीला सुरू केलेली विद्या कुणी मोडायची नाही, हे आमच्यात अजून पाळतात. मूल अक्षर गिरवायला बसतं ते त्याच दिवशी. अक्का त्याचाच फायदा घ्यायच्या. ज्या घरात सासरे अडून बसलेत तिथं त्या नवरात्रात जाऊन बसत, प्रसाद खात, आणि सहज म्हणत, "दसऱ्याला सुरुवात करू की. नको म्हणायचं असेल तर त्या दिवशी म्हणा." त्या दिवशी कोण नको म्हणणार? त्यांच्या निम्म्या शिकणारणी अशाच दसऱ्याच्या.

मामंजीही असेच अडकले. शेवटी म्हणाले, "सरी, ठीक आहे. दसऱ्याला सकाळी सुरुवात झाली तर मी मोडता घालणार नाही. पण मुहूर्त चुकला तर दिवाळीनंतर राजीनामा. मग पुन्हा हा विषय नको." मी हो म्हटलं. हातात दुसरं होतं काय?

ही गोष्ट चौऱ्याण्णव सालची. खंडेनवमीच्या दिवशी, म्हणजे दसऱ्याच्या आदल्या सकाळी, अक्का फियाट घेऊन देवीला जाऊन आल्या. गाडीला केळीचे खुंट बांधलेले, शेवंतीची माळ, चाकांखाली चिरडलेल्या लिंबांचा वास. मी आणि कावेरी मागच्या सीटवर होतो. कावेरी नर्स होती, मंड्याकडची, अंगानं दणकट, आणि तीही उद्याच सुरू करणार होती. आमच्या गल्लीचा चढ लागला आणि इंजिन मोठमोठ्यानं ओरडायला लागलं. गाडी मात्र जागची हलेना. मग जळक्या वासानं नाक भरलं.

"क्लच संपला," अक्का म्हणाल्या.

क्लच म्हणजे इंजिन आणि चाकं यांच्यामधली तबकडी. ती पकडते तेव्हा इंजिनाचा जोर चाकांपर्यंत जातो. तबकडी झिजली की इंजिन कितीही ओरडू दे, चाकं ऐकत नाहीत. शिकाऊ पायाखाली ती लवकर झिजते. अक्कांना हे महिनाभर आधीच कळलं होतं. जे. सी. रोडवर जाऊन नवी तबकडी आणि तिच्यामागचं बेअरिंग त्यांनी आणूनही ठेवलं होतं. चूक एकच केली, आणि ती आमच्यातली कुठलीही बाई करेल: घरची गाडी बाहेरच्याच्या हातात द्यायची नाही म्हणून दिराच्या गॅरेजात नंबर लावून बसल्या. विठोजी रोज म्हणे, "स्वल्प तडी, जरा थांबा, वैनी. दसऱ्याआधी करून देतो." दसऱ्याच्या आधीचा दिवस उजाडला आणि त्यानं गॅरेज धुऊन, हत्यारं पुसून, सगळी पूजेला मांडली.

आता खंडेनवमीला पूजेला बसलेलं हत्यार दसऱ्याची उत्तरपूजा होईपर्यंत उचलायचं नाही. आमच्यातच नव्हे, सगळ्या बेंगळुरात. त्या दिवशी गावात एकही पाना हलत नाही. गिरीराजच्या कारखान्यातली लेथसुद्धा हार घालून बसलेली, आणि कामगार चुरमुरे, मिठाईचे पुडे घेऊन घरी गेलेले. गाडी दुरुस्त कोण करणार? आणि ती उद्या दुपारी दुरुस्त झाली तर माझ्या काय कामाची? मामंजी आपली मारुती शिकायला देणार नव्हतेच.

उतारावरून मागं सोडत आम्ही गाडी अक्कांच्या दारापर्यंत आणली. मला रडू येत होतं, आणि रडू येतंय याचा रागही येत होता. अक्का उतरल्या आणि घरात शिरल्या. आम्ही त्यांच्या मागोमाग.

ते घर दोघांचं, पुढं विठोजी राहायचा, मागच्या खोलीत अक्का. मधल्या दालनात लाल कापडावर हत्यारं मांडलेली होती. विठोजीची चकचकीत नवी हत्यारं पुढं. एका कडेला पाटावर संताजीची जुनी पेटी, तिचं झाकण उघडं, पान्यांवर हळदकुंकू आणि फुलं. पाहुणे जेवायला बसले होते, पानात होळिगे, म्हणजे पुरणपोळी. अक्कांनी पाटासमोर बसून नमस्कार केला, फुलं एकेक करून बाजूला ठेवली, आणि पेटी उचलली.

विठोजी पानावरून उठला. "वैनी, काय करताय?"

"क्लच बदलतेय. तुम्ही करणार होता, राहिलं."

"पूजेला बसलेलं हत्यार उचलतात काय? उद्या दुपारी मी स्वतः करून देतो की."

"उद्या सकाळी गाडी पाहिजे."

"बायकांच्या शिकवणीसाठी देवाच्या पाटावर हात?"

अक्कांचा आवाज चढला नाही. त्या चिडल्या की उलट हळू बोलत, आणि मग ऐकणाऱ्याची धडगत नसे. "भावजी, ही होळिगे खाताय ती कशानं लाटली? गोदूबाईंचं लाटणं कुठाय पाटावर? विळी कुठाय? पहाटेपासून ती बाई चुलीपुढं उभी आहे. तिच्या हत्यारांना नवमी नाही काय? तेव्हा देव रागावला नाही. माझ्यावर पण रागावणार नाही."

स्वयंपाकघराच्या दारात विठोजीची बायको गोदूबाई उभी होती, कोपरापर्यंत पीठ. तिनं खाली बघितलं.

विठोजी लाल झाला. "ऐका, वैनी. पेटी या दालनाबाहेर गेली तर या घरच्या पूजेला तुमचा पाट पुन्हा मांडला जाणार नाही. आणि माझ्या अंगणात काम करायचं नाही."

दालनात कुणी घास उचलेना. अक्कांनी एवढ्या वर्षांत त्या घरातली एकही पूजा चुकवली नव्हती. नवरा गेल्यावर सगळं सोडलं, पण नवमीचा पाट सोडला नव्हता. त्यांचा चेहरा उतरलेला मी पाहिला, एक क्षणभरच. मग त्या म्हणाल्या, "सरी. नका मांडू," आणि पेटी घेऊन बाहेर पडल्या.

अंगण बंद, म्हणून काम रस्त्यावर. होंगेच्या, म्हणजे करंजाच्या, झाडाखाली जागा सपाट होती. आम्ही गाडी तिथं ढकलली, जॅकनं उचलली आणि खाली लाकडी ठोकळे घातले. अक्कांनी गाडीला खांदा लावून हिसके दिले आणि ठोकळे पक्के बसल्याची खात्री केल्यावरच आम्हाला खाली जाऊ दिलं. भरदुपारी, सणाच्या दिवशी, तीन बायकांचे सहा पाय गाडीखालून बाहेर आलेले. गल्लीत कोहळे फोडून झालेले, लोक जेवून ओट्यांवर बसलेले. आम्ही त्यांची आयती करमणूक झालो. कुणी म्हणालं, अपशकून. कुणी म्हणालं, पोलिसांना बोलवा. कावेरी आतून ओरडली, "अण्णा, बोलवा की. आम्हाला एक माणूस कमीच पडतोय."

क्लच बाहेरून दिसत नाही. तो इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या मध्ये बसलेला असतो, त्यामुळे एवढ्याशा तबकडीसाठी सगळा गिअरबॉक्स उतरवावा लागतो. आधी मागच्या चाकांकडं जाणारा लांब दांडा सोडवला आणि दोरीनं बांधून ठेवला. मग गिअरच्या जोडण्या. मग गोलाकार लावलेले बोल्ट, त्यातले वरचे तर हात वळवून, न बघता, बोटांनी चाचपत काढायचे. अक्का सांगत आणि मी करत होते, कारण माझे हात बारीक. डोळ्यांत माती पडत होती. बांगड्या अडकायला लागल्या तेव्हा मी त्या काढून पदरात बांधल्या. सणाच्या दिवशी हात मोकळे केले म्हणून ओट्यावरून आणखी एक आवाज आला. मी त्या आवाजाच्या बाईला अजून ओळखते, आणि तिच्याशी बोलत नाही.

शेवटचा बोल्ट निघाल्यावर जॅकवर गोधडीची घडी ठेवून आम्ही गिअरबॉक्स तोलला. कावेरीनं एका बाजूनं, मी दुसऱ्या बाजूनं. मागं खेचताच तो सुटला आणि त्याचा निम्मा भार माझ्या छातीवर आला. घाबरायला वेळच नव्हता. "सोडू नकोस," अक्का म्हणाल्या. "सोडलास तर उद्याचा दिवस पण सोडलास." मी सोडला नाही.

जुनी तबकडी हातात आली तेव्हा तिच्यावर घासायला काही शिल्लकच नव्हतं, नुसते रिव्हेट चमकत होते. अक्कांनी ती ओट्यावरच्या मंडळींना नीट दाखवली आणि गटाराच्या कडेला ठेवून दिली.

नवी बसवली. गिअरबॉक्स पुन्हा उचलला, सरळ धरला, पुढं ढकलला. तो जाईना. बोटभर फट राहिली. पुन्हा ढकलला. कावेरीच्या कपाळावरून घाम माझ्या तोंडावर पडत होता. अक्कांनी एक कानडी शिवी हासडली, ती मी लिहिणार नाही. पुन्हा सगळं खाली. तबकडी मधोमध नव्हती, केसभर सरकलेली होती, आणि ती अगदी मधोमध असल्याशिवाय गिअरबॉक्सचा दांडा तिच्यातून पार होत नाही. अक्का मातीत मांडी घालून बसल्या. ऊन उतरायला लागलं होतं. ओट्यांवर हसू पिकलं होतं.

"हे इथं काहीतरी लाकडाचं खुपसायचे," त्या स्वतःशीच म्हणाल्या. हे म्हणजे संताजी. "लांब, गोल. मी हातात दिलेलं आहे. पुढं निमुळतं होतं."

आम्ही झाडाच्या फांद्या बघितल्या, खराट्याचा दांडा बघितला. तेवढ्यात अंगणाचं फाटक वाजलं. गोदूबाई आली. मागं विठोजी तिला हाक मारत होता, तरी आली. तिनं पदराखालून लाटणं काढलं, पिठाचंच, न धुतलेलं, आणि अक्कांच्या मांडीवर ठेवलं.

"आत काय बोललात ते ऐकलं मी," ती म्हणाली. "परत देताना घासून द्या. तेल लागलेलं चालणार नाही." आणि वळून गेली.

लाटण्याची निमुळती मूठ, तिच्यावर चिंधीचे दोन वेढे. ते तबकडीतून थेट मागच्या भोकात बसलं. त्याच्या आधारानं तबकडी मधोमध धरून अक्कांनी सभोवतीचे बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे करत आवळले, आणि लाटणं हलकेच बाहेर ओढलं. या वेळी गिअरबॉक्स एका ढकलण्यात आत गेला. कावेरी एवढ्या मोठ्यानं हसली की ओट्यावरची मंडळी उठून उभी राहिली. दिवेलागणीच्या आत अक्कांनी गाडी चालू केली, गल्लीच्या टोकापर्यंत नेली आणि परत आणली. मग पाने पुसले, पेटीत ठेवले, आणि त्या रात्री ती पेटी आपल्या खोलीत, आपल्या हातानं वेगळ्या पाटावर मांडली. तिच्यापुढं एकट्याच बसल्या होत्या, असं गोदूबाईनं मला नंतर सांगितलं. विठोजीनं शब्द खरा केला. त्या घरच्या पूजेत अक्कांचा पाट पुन्हा कधी मांडला गेला नाही.

मामंजी नवमीला माझ्या नणंदेकडे हेब्बाळला गेले होते. दसऱ्याला सकाळी परत आले ते देवळावरून, आणि देवळात त्यांना विठोजी भेटला होता. मी अंघोळ करून, ठेवणीतली साडी नेसून फाटकात आले तेव्हा फियाट दारात उभी होती. अक्का डावीकडं बसलेल्या, कावेरी मागं. चालकाची जागा माझ्यासाठी रिकामी होती. मामंजी फाटक धरून उभे राहिले.

"आत चल," ते म्हणाले. "पाटावरची हत्यारं उचलून नीट केलेली गाडी ही. हिच्यात विद्येची सुरुवात होत नाही. मुहूर्त गेला असं समज. दिवाळीनंतर शाळेत कळव."

मागून गिरीराज म्हणाला, "अप्पा, बघू ना."

मी अक्कांकडं बघितलं. वाटलं, त्या आता उतरतील आणि कालच्यासारख्या हळू आवाजात मामंजींची धुलाई करतील. त्या उतरल्या नाहीत. काचेतून समोर बघत म्हणाल्या, "माझं भांडण मी काल भांडले. हे तुझं आहे."

त्यांचा मला रागच आला. मग तो राग मी योग्य माणसाकडं वळवला.

"मामंजी," मी म्हटलं, "सुरुवात आज होत नाहीये. ती काल दुपारी झाली, या गाडीखाली. पेटी अक्कांनी उचलली, पण पाने मी फिरवले. गिअरबॉक्स छातीवर घेतला मी. मुहूर्त तेव्हा बघितला नाही, आता पण बघत नाही. आणि राजीनामा मी देणार नाही. दसरा असो नसो."

लग्न होऊन आल्यापासून मी त्यांच्याशी एवढी वाक्यं एका दमात बोलले नव्हते. मी फाटकाच्या दुसऱ्या बाजूनं बाहेर पडले, गाडीत बसले आणि दार ओढून घेतलं.

मग मामंजींनी जे केलं ते मी त्यांच्याकडून कधीच अपेक्षिलं नसतं. ते सावकाश चालत आले आणि गाडीच्या पुढं उभे राहिले. पांढरं धोतर, कपाळाला देवळातलं कुंकू, दोन्ही हात मागं बांधलेले. गल्ली बघत होती.

"चालू कर," अक्का म्हणाल्या.

मी किल्ली फिरवली. इंजिन लागलं. मामंजी हलले नाहीत.

"क्लच दाब. पहिला घाल."

मी दाबला, घातला. मामंजी माझ्याकडं बघत होते, मी त्यांच्याकडं. त्यांना वाटत होतं मी बंद करीन. खरं सांगायचं तर एक क्षण मलाही वाटलं.

"अक्का, आता?"

"रस्त्यात माणूस उभा असला तर काय करतात?"

मी हॉर्न वाजवला. आमच्या घरात सुनेनं सासऱ्यांपुढं चमचासुद्धा जोरात ठेवायचा नाही, आणि मी सगळ्या गल्लीदेखत त्यांच्यावर हॉर्न वाजवला. त्यांनी डोळे मिटले, उघडले. मी परत वाजवला, आणि या वेळी हात उचललाच नाही.

मामंजी बाजूला झाले.